टांगणी

दुकानातल्या खोगिराची किंमत
आर्व्होने कागदावर लिहून दाखवली
आणि कागद उलटा ठेवला.
गिरणी बंद झाल्यापासून
आमच्या घरात आकडे असेच ठेवतात, पालथे.

झाडाचं खोगीर म्हणतात खरं,
पण झाडाला कुठली पाठ?
ते माणूसच चढवतो, कमरेखाली, मांड्यांना धरून,
मेपलच्या खोडाला दोर बांधतो
आणि पाय खोडाला टेकवून मागे रेलतो,
भिंतीशी भांडून दमल्यासारखा.
खाली हरीण येईपर्यंत. कधी येतं,
कधी नुसता सुपीरियर सरोवरावरचा वारा येतो.

"तुझं मशीन होड्यांची आवरणं शिवतं," तो म्हणाला,
"मग हे का नाही?"
आणि ट्रकमधून पट्टा घेऊन आला,
अडकलेल्या गाड्या ओढायचा, उन्हानं विटलेला.
फुकट आहे, म्हणाला.
मी नखानं खरवडला. भुकटी निघाली, पट्ट्याचीच.
कोंबड्यांचं दार बांध याने, म्हटलं.

काटकसर मला कोणी शिकवू नये.
याच्या फाटक्या जीन्सच्या मी रजया केल्यात,
रजयांची पायपुसणी.
खिसे जुन्या तंबूचे चालतील,
पाठीची गादी जुन्या कोटाची.
पण भार जिथे येतो तिथे सगळं नवं:
पट्टा, दोर, दोन कॅराबिनर,
पेलायचा भार ज्यांच्या अंगावर कोरलेला असतो ते.
बरणीतले पैसे मी दोनदा मोजले.
दोन्ही वेळा तेवढेच निघाले.

आयुष्याची दोरी बळकट, म्हणतात लोक
वाचलेल्या माणसाकडे बघून.
इल्मरकडे बघूनही म्हणाले होते.
माझा दीर. नऊ वर्षांपूर्वी
कुजक्या फळीवरून सोळा फूट खाली.
दोरी बळकट नव्हती.
दोरी नव्हतीच.

काळ्या पट्ट्यावर मी लाल धागा घेतला,
तुटला टाका तर लांबून दिसावा म्हणून.
पुढे, मागे, पुन्हा पुढे,
चार सुया मोडल्या.
आर्व्हो दारात उभा, कॉफी गार झालेली,
मध्येच म्हणाला, "एवढी दाट कशाला?"
मी पायटा दाबला. मशीनच्या आवाजात
काही प्रश्नांना उत्तर द्यावं लागत नाही.

मग अंगणातल्या मेपलला टांगलं,
जमिनीपासून वीतभर.
आधी वाळूची पोती, माणसाच्या दुप्पट वजनाची,
रात्रभर.
माझाही जीव तिथेच टांगलेला, खिडकीतून दिसत होता.
सकाळी पोती दवानं भिजलेली,
गाठ जागची हललेली नाही.

आता मी बसतो, आर्व्हो म्हणाला.
तोवर इल्मरची खुर्ची
गवतातून दोन रेघा ओढत आली होती.
"आधी मी," तो म्हणाला.
आम्ही दोघं गप्प.
"वीतभरच ना? खाली पडायला
माझं राहिलंय काय?"

दोघांनी उचलला. पट्टे मी आवळले,
मांड्यांचे, ज्यांना माझा हात कळत नव्हता,
आणि त्याच्या तोंडाकडे न बघता कॅराबिनर लावला,
स्क्रू फिरवला, पुन्हा तपासला.
आर्व्होने हात काढले. सावकाश.
खुर्ची जरा मागे सरकली, रिकामी.

इल्मरने खोडाला तळहात लावला
आणि ढकललं.
तो झुलला. थोडासा. परत आला.
त्याचे बूट गवतावरून घासत गेले,
दव त्यांच्यावर चढलं.
कोणी काही बोललं नाही. दूर कुठेतरी
कोणी लाकूड फोडत होतं.

मिनिटभरच ठेवला, जास्त नाही,
पाय सुन्न असले की रक्ताचं काही सांगता येत नाही.
उतरवताना तो माझ्या कानाशी म्हणाला,
"डावीकडची शिवण उसवून पुन्हा घाल.
पट्टा तिथे पीळ खातो."

बघितलं. खात होता.
हरणांचा हंगाम पाच दिवसांवर.
उसवायला बसले.